चहाचं पाणी न लावलेला नकाशा

जुन्या नकाशाची हाताने रंगवलेली प्रतिकृती मागायला येणाऱ्या बहुतेकांना जगाचा नकाशा हवा असतो, आणि तो जुनाट दिसायला हवा असतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या काकांनी जग मागितलं नाही. ते मूळचे साताऱ्याचे, भूशास्त्रज्ञ, नोकरीचा मोठा काळ त्यांनी आइसलंडमधल्या ज्वालामुखींच्या आसपास काढलेला. त्यांना हवा होता सोळाव्या शतकातला नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियस याच्या ॲटलासमधला 'इस्लांडिया'. हेक्ला पर्वत आग ओकतोय आणि बेटाच्या चहूबाजूंना समुद्रात राक्षसी मासे फिरताहेत, तो नकाशा.

"मूळ आहे त्याच्या दुप्पट कर, आमची भिंत मोठी आहे," काका फोनवर म्हणाले. "आणि जरा पिवळा पडलेला दिसू दे. तुम्ही लोक चहाचं पाणी मारता ना?"

पुष्कळ जण मारतात. कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, कडा मेणबत्तीवर किंचित जाळायच्या, मधोमध घडीची खोटी रेघ काढायची, की झाला चारशे वर्षांपूर्वीचा नकाशा. मी हे करत नाही. काकांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तो जुना कसा वाटणार?" यावर आमचं बोलणं बरेच दिवस चालू राहिलं. दरम्यान मी काम सुरू केलं, कारण चहा लावा वा न लावा, रेखाटन लागणारच होतं.

मी बेल्जियममध्ये अँटवर्पला राहते, म्हणजे ऑर्टेलियसच्याच गावात. १५२७ मध्ये तो इथे जन्मला आणि १५९८ मध्ये इथेच वारला. १५७० च्या मे महिन्यात त्याने 'थिएट्रुम ऑर्बिस टेरारुम' प्रसिद्ध केला. एकाच मापाचे, एकाच धाटणीने कोरलेले नकाशांचे ५३ ताव एका पुस्तकात, आणि ज्यांच्या ज्यांच्या कामावरून ते उतरवले त्या नकाशाकारांची नावंही त्यात दिलेली. आज आपण ज्याला ॲटलास म्हणतो त्याचा आकार तिथे पहिल्यांदा नीट ठरला. पण माझ्या मनात त्याच्याबद्दल जी आपुलकी आहे, ती वेगळ्या कारणाने. ऑर्टेलियसने सुरुवात केली ती नकाशे रंगवणारा म्हणून. १५४७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, अँटवर्पच्या सेंट ल्यूक कारागीर-संघात त्याची नोंद झाली ती 'नकाशे रंगवणारा' अशीच. त्याची बहीण आनाही नकाशे रंगवायची. दुसऱ्याने कोरलेला, दुसऱ्याने छापलेला ताव घ्यायचा आणि त्यात जीव ओतायचा, हा या घराचा धंदा होता.

ॲटलासच्या बऱ्याच प्रती बिनरंगाच्या विकल्या जात. ज्याच्याकडे जास्तीचे पैसे असत तो रंगवून घेई, आणि तो रंग कोण, कसा देईल हे त्या त्या रंगाऱ्यावर असे. त्यामुळे 'इस्लांडिया'च्या रंगीत प्रती पाहायला बसलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यांच्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नाहीत. ग्रंथालयांनी मोठ्या आकारात इंटरनेटवर खुल्या ठेवलेल्या प्रतिमा मी शेजारीशेजारी लावून पाहिल्या. एकीत देवमासे तपकिरी, दुसरीत हिरवट, तिसरीत त्यांची तोंडं आणि परच तेवढे लाल. कुठे समुद्र पुरा निळा, कुठे नुसत्या किनाऱ्यालगत निळ्याची झाक. रेषा मात्र सगळ्यांत त्याच, कारण ताम्रपट एकच. म्हणजे माझ्यापुढे 'मूळ रंग' असं काही नव्हतंच. मूळ रेषा होत्या, आणि रंगाऱ्याला मिळणारी मोकळीक होती.

रेषांची गोष्टही सरळ नाही. नकाशावर १५८५ हे साल कोरलं आहे, तो ॲटलासच्या पुरवणीत आला १५९० मध्ये. त्यामागची माहिती आइसलंडमधल्या होलारचे बिशप गुडब्रांडुर थोरलाक्सन यांची. आइसलंडी भाषेतलं पहिलं संपूर्ण बायबल १५८४ मध्ये छापणारे तेच हे बिशप. ती माहिती ऑर्टेलियसपर्यंत पोचली डॅनिश इतिहासकार आंद्रेआस वेल्लेयस यांच्या हातून, म्हणून डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याला केलेल्या अर्पणलेखात नाव वेल्लेयसचं आहे, बिशपांचं नाही. आणि समुद्रातले राक्षस बरेचसे आलेत ओलाउस मॅग्नस या स्वीडिश पाद्र्याच्या 'कार्टा मरीना'तून. तो प्रचंड नकाशा १५३९ मध्ये व्हेनिसमध्ये नऊ तावांवर छापला गेला होता. म्हणजे मी ज्याची प्रतिकृती करणार होते तो नकाशा स्वतःच अनेकांच्या हातून उतरत उतरत आलेला होता. हे कळल्यावर मला बळ आलं. मी या रांगेत शेवटची आहे, रांगेबाहेर नाही.

मूळ ताव साधारण ३४ बाय ४९ सेंटिमीटरचा. दुप्पट म्हणजे ६८ बाय ९८. ऐकायला सोपं आहे, पण तांब्यावर कोरलेली रेघ दुप्पट जाड केली की तिचा बाणा बदलतो. कोरीव रेघ बारीक टोकाने सुरू होते, मधे फुगते आणि पुन्हा बारीक होत सुटते. तिला सरसकट दुप्पट केलं की नकाशा लाकडी ठशावरून छापल्यासारखा दिसतो. रेघ होती तेवढीच ठेवली, तर डोंगरांच्या छायेतल्या रेघांमध्ये मोठाल्या फटी पडतात आणि डोंगर पोकळ वाटतात. मी शेवटी ठरवलं की किनारा, मासे आणि महिरपी (मजकुराभोवतीच्या नक्षीदार चौकटी) यांची रेघ थोडी जाड करायची, पण तिचा फुगवटा आणि निमुळतेपणा निबवरचा हात कमीजास्त दाबून आणायचा. डोंगरांच्या छायेत मात्र मूळ रेघांच्या मधे एकेक बारीक रेघ माझ्या पदरची घालायची. हा फेरफार आहे, आणि तो मी काकांना आधीच सांगितला. आकार बदलला की कोणतीच प्रतिकृती तंतोतंत राहत नाही. कुठे बदललं हे सांगितलेलं बरं.

उतरवण्यासाठी मी खाक्याची पद्धत वापरते. पातळ कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करायचं, रेघांवरून सुईने जवळजवळ भोकं पाडायची, तो कागद खालच्या कागदावर पक्का बसवायचा आणि कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी त्यावर हलक्या हाताने आपटत जायचं. भोकांतून ठिपके उतरतात, ते जोडत रेघ काढायची, उरलेली पूड पिसाने झटकायची. माझे बाबा कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मोठी अक्षरं आणि बोधचिन्हं ते असेच भिंतीवर उतरवत. राजस्थानी लघुचित्रकारांकडेही खाका आहे, आणि इटलीत भित्तिचित्रं काढणारेही सोळाव्या शतकात ओल्या गिलाव्यावर अशीच पूड झाडत होते. प्रोजेक्टरने प्रतिमा टाकून थेट गिरवणं यापेक्षा कितीतरी झटपट होतं. पण सुईने भोकं पाडताना प्रत्येक खाडी, प्रत्येक फ्योर्ड बोटांखालून जाते. आइसलंडचा वायव्येकडचा तो हातासारखा पसरलेला भाग टोचून होईपर्यंत मला त्याची वळणं पाठ झाली होती. पुढे रंग देताना कुठे जमीन आणि कुठे पाणी याचा विचार करावा लागला नाही.

कागद मी कापसाच्या लगद्याचा, गुळगुळीत दाबलेला घेतला. त्याला आधी जिलेटिन आणि तुरटीच्या कोमट पाण्याचा हात दिला. त्या काळचे रंगारीही हे करत, कारण छापायचा कागद सच्छिद्र असतो, त्यावर पाण्याचा रंग टेकवला की तो पसरून पाठीमागे फुटतो. छपाईची शाई म्हणजे काजळी आणि उकळलेलं जवसाचं तेल. ती कागदाच्या वर बसते, म्हणून तिच्यावरून पाण्याचा रंग फिरवला तरी ती हलत नाही. मला हाताने काढलेल्या रेघेत तोच पक्केपणा हवा होता, म्हणून काजळीचीच, पण वाळल्यावर पाण्याने न सुटणारी शाई घेतली.

अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. नकाशावर दोनशेहून जास्त नावं आहेत, बरीचशी तिरक्या इटालिक वळणाची. हे वळण नकाशांत रुळवण्यात गेरार्ड मर्केटरचा मोठा वाटा. त्याने १५४० मध्ये लूव्हाँ इथे इटालिक अक्षर कसं लिहावं यावर एक छोटी पुस्तिकाच काढली होती, लेखणी कशी तासावी, कशी धरावी, सगळ्याच्या आकृत्यांसकट. माझा हात बोरूवर तयार झालेला. देवनागरीसाठी बोरूचा छाट ज्या बाजूला उतरता असतो त्याच्या उलट बाजूला रोमन अक्षरासाठी लागतो. जाड आणि बारीक रेघा कुठे पडणार याचा हिशेबच उलटा होतो. त्यामुळे नकाशाला हात लावण्याआधी बाजूच्या कागदांवर मी 'यॉकुल' शेवटी येणारी हिमनद्यांची नावं लिहीत बसले, मनगट त्या बाजूला वळू लागेपर्यंत. ज्या अक्षरांना लांब शेपट्या आहेत ती लिहिताना खरा आनंद होतो. मोकळा समुद्र भरून काढायला कोरणाऱ्याने त्या शेपट्या मुद्दाम लांबवल्या आहेत.

आता रंग, आणि त्यासोबत चहाचं पाणी.

बासेलमध्ये १५४९ साली छापलेल्या रंगकामाच्या एका पुस्तिकेपासून पुढे त्या काळच्या रंगांची कृती वाचायला मिळते. वाचताना मला सतत आपल्याकडचे रंग भेटत होते. नकाशातली गावं आणि चर्चं तांबड्याने टिपायची, तर तो शेंदूर किंवा हिंगूळ. गुलाबी धुवण, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक हात, पतंग या झाडाच्या लाकडाचं. निळ्यासाठी अझुराइट हा तांब्याचा खनिज, नाहीतर नीळ. सोळाव्या शतकात गुजरातेत सरखेजला पिकलेली नीळ गोवा-कोचीनहून सुटणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून युरोपच्या बाजारात यायची. हे सगळं बांधायला डिंक. आणि हिरव्यासाठी जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज. तांब्याच्या पत्र्यांवर व्हिनेगरची वाफ लागू दिली की त्यांच्यावर निळसर हिरवा थर चढतो, तो खरवडून घ्यायचा. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, ते रसायन हेच. मी गॅलरीत बरणीत तांब्याच्या पट्ट्या टांगून थोडा जंगाल करून पाहिला. इतका स्वच्छ, थंड हिरवा मी कधी वापरला नव्हता.

पण हाच जंगाल नकाशांचा वैरी आहे. तांबं हळूहळू कागदाचे धागे खात जातं. हिरवा तपकिरी होतो, पाठीमागे डाग फुटतो, शेवटी जिथे हिरवा होता तिथे कागद चुरा होऊन गळतो. जुना नकाशा पाठीमागून पाहायचा तो यासाठीच. हिरव्याच्या जागी मागे तपकिरी छाया असेल तर रंग बहुधा त्याच काळातला, नसेल तर नंतर कोणीतरी भरलेला असण्याची शक्यता मोठी. शेंदूर शिशाचा असतो, तोही हवेतल्या गंधकाने काळवंडतो. पतंगाचा गुलाबी उन्हाने उडून जातो. आपण ज्याला 'जुन्या नकाशाचा रंग' म्हणतो, त्या मधाळ तपकिरी रंगात कुठलाही रंगारी कधी काम करत नव्हता. तो रंग म्हणजे झालेली इजा आहे.

हेच मला काकांना दाखवायचं होतं, कारण बोलून ते पटत नव्हतं. मी त्याच कागदाच्या दोन पट्ट्यांवर, नकाशात ज्याच्याशेजारी 'ए' हे अक्षर आहे तो मासा काढला. एका पट्टीला त्यांना हवं तसं चहाचं पाणी दिलं आणि वर मळकट रंग चढवले. दुसरीवर कागदाचा पांढरा ठेवून ताजा हिरवा, निळा, शेंदरी वापरला. काका आणि काकू रविवारी अँटवर्पला आले. आधी आम्ही प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात गेलो. १५७९ पासून ऑर्टेलियसचा ॲटलास याच प्लांटिनच्या छापखान्यात छापला जाऊ लागला होता. १६०० च्या आसपासची, जगात टिकून असलेली सर्वात जुनी दोन छपाई यंत्रं तिथे आहेत. त्या अंधाऱ्या लाकडी खोल्यांत काकू बराच वेळ रेंगाळल्या. मग घरी येऊन त्यांनी दोन्ही पट्ट्या खिडकीशी नेल्या.

"ही दुसरी फारच भडक नाही वाटत?" काकांनी विचारलं.

"काका, ज्याने १५९० मध्ये हा विकत घेतला असेल, त्याने ही दुसरीच पाहिली असणार. पहिली त्याने कधीच पाहिली नाही."

ते काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही बर्फाचे फोटो दाखवता तेव्हा ते पिवळे करून दाखवता का?" मग काकांनी ताजी पट्टी उचलली आणि म्हणाले, "अशीच कर."

मी खरा जंगाल मात्र वापरला नाही. ताजेपणा दाखवायचा आणि पुढच्या पिढीत कागद भोकं पडून गळू द्यायचा, हे मला मान्य नाही. बरणीतला जंगाल शेजारी ठेवून, आजचा टिकाऊ निळा आणि पिवळा त्याच्या छटेशी जुळेपर्यंत मिसळले. शेंदराऐवजी बिनशिशाचा नारिंगी घेतला. नीळ मी खरीच वापरली, फक्त किनाऱ्याच्या छायेपुरती, कारण तिची ती किंचित राखाडी खोली दुसऱ्या कशात येत नाही. सगळे रंग बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात, थोडा मध घालून घोटले. मधाने थर लवचीक राहतो, तडकत नाही.

रंगाचा क्रम फिकटाकडून गडदाकडे. आधी जमिनीवर पिवळट धुवण, मग डोंगरांच्या छायेच्या बाजूला तपकिरी, पायथ्याला हिरवा. कोरणाऱ्याने छाया दिलेलीच असते. रंगाऱ्याने तिच्यावर दाट थर चढवला की रेघा बुजतात, म्हणून जुन्या चांगल्या कामात रंग नेहमी पारदर्शक असतो. समुद्र मी पूर्ण भरला नाही. किनाऱ्यालगत निळ्याच्या आखूड आडव्या रेघा दिल्या आणि बाहेरचं पाणी कागदाचंच ठेवलं. एवढे सगळे प्राणी त्यात आहेत, त्यांना निळ्यात बुडवायचं कशाला?

आणि या प्राण्यांसाठीच तर मी होकार दिला होता. प्रत्येकाशेजारी एक अक्षर आहे, आणि नकाशाच्या पाठीवर छापलेल्या मजकुरात त्या अक्षरांचा खुलासा. 'ए' म्हणजे नाहवाल. त्याचं मांस खाल्लं तर माणूस तत्काळ मरतो. त्याच्या डोक्यातून सात हात लांब दात पुढे येतो आणि काही लोक तो युनिकॉर्नचं शिंग म्हणून विकतात. हा खराखुरा नारव्हाल नावाचा देवमासा, आणि त्याचा दात खरंच तसा विकला जात होता. 'सी'चं डोकं उरलेल्या अंगापेक्षा मोठं, त्याच्या दातांची बुद्धिबळाची प्यादी करतात. डोक्यावरून तो स्पर्म व्हेल असावा असं वाटतं. 'ई' एका घासात काळा सील गिळतो. 'के' या समुद्रातल्या गाई, रंगाने राखाडी. त्या कळपाने पाण्याबाहेर येऊन चरतात, त्यांच्या नाकाशी एक पिशवी लोंबते, तिच्या आधाराने त्या पाण्यात राहतात. पिशवी फुटली की त्या जमिनीवरच्या गाईंत मिसळून राहतात. 'एम' शेपटीवर दिवसभर उभा राहतो आणि माणसाच्या मांसाला सोकावलेला आहे.

हा खुलासा माझी रंगांची यादी झाला. गाई राखाडी म्हटल्यात, म्हणजे राखाडीच. सील काळा, म्हणजे काळा. जिथे मजकूर गप्प आहे तिथे मी मोकळी. 'एल' हा सगळ्यांत सौम्य देवमासा, शंभर हात लांब. तो कोळ्यांच्या बाजूने दुसऱ्या देवमाशांशी लढतो आणि त्याला मारायला मनाई आहे. त्याला मी सगळ्यात उजळ, निळसर हिरवा रंग दिला. एवढं मोठं जनावर आपल्या नावेच्या बाजूने उभं राहावं, असं त्या गारठ्यात समुद्रावर पोट भरणाऱ्यांना किती वाटत असेल, हे त्याचे खवले रंगवताना मनात घोळत होतं.

'एन' म्हणजे रोस्टुंगर, आपला वॉलरस. मजकूर म्हणतो, तो चार आखूड पायांनी समुद्राच्या तळावरून चालतो, त्याची कातडी कुठल्याही शस्त्राने सहसा भेदत नाही, आणि दोन लांब दातांनी खडकाला लटकून तो सलग बारा तास झोपतो. वॉलरस खरोखरच सुळे रोवून स्वतःला बर्फावर ओढून घेतो. कोणीतरी लांबून ते पाहिलं असेल, दुसऱ्याला सांगितलं असेल, तिसऱ्याने लिहून काढलं असेल. हे प्राणी म्हणजे नुसत्या कल्पना आहेत असं म्हणून हसणाऱ्यांशी माझं पटत नाही. यात पाहिलेलं पुष्कळ आहे.

'पी'जवळ पाण्यावर झाडांचे ओंडके तरंगताहेत. खुलासा सांगतो की नॉर्वेच्या कड्यांवरून वादळांनी उपटलेली ही झाडं वाहत इथे येतात. फोटो पाठवला तेव्हा काकांचा लगेच फोन आला. "ओंडके खरे आहेत. मी स्वतः किनाऱ्यावर पाहिलेत, त्या बिनझाडाच्या देशात लोकांनी त्यांच्यावर घरं बांधली. फक्त ते बरेचसे सायबेरियातून येतात, ध्रुवाकडच्या बर्फात अडकून." ओंडके मी लालसर तपकिरी केले, सालीसकट.

'क्यू' म्हणजे गोठलेल्या समुद्रातून वाहत येणाऱ्या बर्फाच्या लाद्या, त्यांच्यावर पांढरी अस्वलं. त्यांच्यासाठी मी काहीच रंग वापरला नाही. कागद तसाच सोडला, फक्त लादीच्या खालच्या अंगाला निळीचा अगदी पातळ हात. चहाचं पाणी मारलेल्या कागदावर हे अस्वल कधीच पांढरं झालं नसतं. काकूंनी पूर्ण नकाशा पाहिला तेव्हा सगळ्यात आधी बोट ठेवलं ते इथेच.

हेक्ला मी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. पर्वताशेजारी लॅटिनमध्ये कोरलं आहे की सदाच्या दाहाचा आणि हिमाचा शाप लागलेला हेक्ला भयंकर गर्जना करत दगड ओकतो. काकांनी सांगितलं, तो शेवटचा फुटला २००० साली, आणि एरवी तो ढगांत गुरफटलेला असतो. ज्वाळांना आधी पिवळा, तो ओला असतानाच टोकांना नारिंगी, वाळल्यावर मुळाशी थोडा हिंगुळी. कोरणाऱ्याने ज्वाळांबरोबर उडणारे दगडही दाखवले आहेत. त्यांना रंग न देता काळेच ठेवले. डोंगराच्या उतारावर बर्फ म्हणून कागद उघडा सोडला, त्यामुळे आग जास्त पेटली.

महिरपींच्या कडांना थोडं सोनं दिलं. वर्ख मधात घोटून, धुऊन, डिंकात बांधलेलं हे सोनं युरोपात शिंपल्यात ठेवत. उंची प्रतींत असं सोनं दिलेलं आढळतं. राजाला अर्पण केलेल्या मजकुराभोवती ते शोभतं, बाकी कुठे मी दिलं नाही. माशांच्या डोळ्यांत सोनं द्यायचा मोह होतो, पण मग सगळा नकाशा डोळ्यांचाच होतो.

नकाशा पूर्ण झाल्यावर मी तो उलटा केला आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: कोणाच्या नकाशावरून, कोणत्या सालच्या, मूळ माप काय, ही प्रत किती पटीने मोठी, डोंगरांच्या छायेत जादा रेघा घातल्या आहेत ते, वापरलेल्या रंगांची नावं, माझं नाव आणि साल. हे मी प्रत्येक कामावर लिहिते. हाताने केलेली प्रत विकत विकत चौथ्या माणसाकडे गेली की तिथे तिला अस्सल म्हणणारा कोणीतरी भेटतोच, आणि चहात बुडवलेली असेल तर त्याचं काम आणखी सोपं होतं. त्याच पाठीवर काकांच्या विनंतीवरून माशांचा खुलासाही लिहिला, अक्षरवार, पण मराठीत. त्यासाठी बोरूचा छाट पुन्हा आपल्या बाजूला घ्यावा लागला. काकांचं म्हणणं, नातवंडं आली की नकाशा भिंतीवरून उतरवायचा आणि मागचं वाचून दाखवायचं. म्हणून चौकटीची मागची फळी फिरकीच्या खिळ्यांवर बसवून घेतली आहे, उघडता यावी अशी.

लायडनला तो टांगायला मी स्वतः गेले. काकांनी खिडकीसमोरची भिंत ठरवली होती. मी नको म्हटलं. काच अतिनील किरणं अडवणारी असली तरी थेट ऊन नीळ हळूहळू पिऊन टाकतं. संग्रहालयं कागदावरच्या रंगकामावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. घरात इतकं काटेकोर राहता येत नाही, पण जिन्याजवळची भिंत दिवसभर सावलीत असते आणि तिथून येताजाता थांबायलाही जागा आहे. नकाशा तिथे गेला. काका बाहेरच्या भिंतीला लागून असलेला ओलावा तपासत होते तेव्हा काकूंनी विचारलं, पुढचं काय हातात आहे. त्याच ॲटलासमधला पूर्वेकडच्या 'इंडिया'चा ताव, असं मी सांगितलं, समुद्रात जलपऱ्या असलेला. "त्यात गोवा असेल," काका तिकडूनच म्हणाले, "आणि त्यालाही चहा लावू नकोस."